चार दिवसांत किती पार्कं?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये कॅनडात कॅल्गरीला मुलाकडे येतोय. त्याला सुट्टी चारच दिवस, आणि त्यात त्याने बॅन्फ, जॅस्पर, योहो, कूटनी, वॉटरटन असे पाच नॅशनल पार्क बसवलेत. रोज नवं हॉटेल. यांचे गुडघे दुखतात, जास्त चढण होत नाही. मोरेन लेकला आपली गाडी सोडत नाहीत म्हणे, खरं का? डबा बरोबर नेला तर चालतो का? आणखी एक. हे रेल्वेत ड्रायव्हर होते, कर्जत-लोणावळा घाटात नोकरी झाली. "डोंगर मला नवे नाहीत, तुम्ही या जाऊन," असं चाललंय.
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी चिरंजीवांच्या यादीवर काट मारू. वॉटरटन अमेरिकेच्या सीमेला लागून आहे, कॅल्गरीच्या दक्षिणेला. बाकीचे चार पार्क पश्चिमेला. ते या फेरीत बसवायचं म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत घालवायचा. जॅस्परही सोडा. लेक लुईसपासून जॅस्पर गाव २३२ किलोमीटर, म्हणजे तिथे मुक्काम आलाच. जुलै २०२४च्या वणव्यात त्या गावातल्या जवळपास एक तृतीयांश इमारती जळाल्या. ते गाव पुन्हा उभं राहतंय, तिथे जरूर जावं, पण स्वतंत्र सवड काढून. राहिले बॅन्फ आणि योहो. रस्ता जमला तर कूटनीचा एखादा तुकडा. चार दिवसांना एवढं पुष्कळ झालं.

रोज नवं हॉटेल अजिबात नको. रोज सकाळी बॅगा भरणं आणि खोलीच्या किल्ल्या परत करणं यात उजेडाचे दोन तास जातात. कॅनमोर हे गाव बॅन्फच्या वेशीबाहेर आहे, तिथे स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट भाड्याने मिळतात. तिन्ही रात्री तिथेच काढा. लेक लुईस तिथून तासाभरावर. मुक्काम आधी पक्का करा, बाकी सगळं त्यानंतर.

मोरेन लेकचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. २०२३पासून खासगी गाड्यांना तो रस्ता बंद आहे. गाडी लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगमध्ये लावायची आणि पार्क्स कॅनडाच्या शटलने जायचं. त्याच तिकिटात मोरेन आणि लेक लुईस ही दोन्ही तळी होतात. या शटलच्या काही जागा वसंतात खुल्या होतात आणि उरलेल्या प्रवासाच्या दोन दिवस आधी, तिथल्या सकाळी आठला. मिरजेत तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. पहिल्या फेरीचं बुकिंग तुम्ही घरबसल्या करू शकता. दुसऱ्या फेरीवर राहिलात तर आठच्या आधीच लॉगिन करून बसा, तत्काळला बसतो तसं. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोरेनच्या वरच्या दरीतली लार्चची झाडं पिवळी होतात आणि आख्खं कॅल्गरी तिकडे लोटतं. तळ्यांचा दिवस शनिवार-रविवारी ठेवू नका.

गुडघ्यांसाठी लेक लुईसच्या काठची वाट सपाट आहे. हवं तितकं चाला, हवं तिथून परत फिरा. मोरेनला दगडांचा ढीग चढून जी फोटोची जागा आहे तिथे पायऱ्या आहेत. ह्यांना खाली बाकावर बसवा, पाण्याचा रंग खालूनही तोच. (हिमनदी खडक घासते, त्याचं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की तो निळा-हिरवा रंग दिसतो. म्हणून पहाटेची घाई नको, ऊन वर येऊ द्या.)

एक दिवस आइसफील्ड्स पार्कवे या रस्त्याला द्या. लेक लुईसहून उत्तरेला कोलंबिया आइसफील्डपर्यंत जायचं, साधारण १३० किलोमीटर, आणि परत यायचं. जाताना बो लेक अगदी रस्त्यालगत. पेटो लेकच्या सज्जापर्यंत चढ आहे, तो तुम्ही आणि मुलगा करा. अथाबास्का हिमनदीच्या तोंडाशी जाणाऱ्या वाटेवर सालं लिहिलेल्या पाट्या आहेत : या साली बर्फ इथपर्यंत होता. सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे. वाट खडी आहे आणि समोरून वारा झोंबतो. ह्यांनी एक पाटी पाहून गाडीत बसलं तरी चालेल. लेक लुईसला टाकी फुल्ल करा. मध्ये सस्कॅचेवन क्रॉसिंगला पंप आहे, तोही हंगामी, आणि तिथलं पेट्रोल महाग. मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. सप्टेंबरात बर्फ पडलं तर नवल मानू नका. माकडटोपीला इथे कोणी हसत नाही.

पार्कच्या प्रवेशाचा पास गाडीमागे काढा, कुटुंबाचा पास एका गाडीतल्या सात जणांपर्यंत चालतो. एकच पास या सगळ्या पार्कांना लागू.

डब्याचं म्हणाल तर खुशाल न्या. थालीपीठ, दशम्या, दही-भात, काही अडचण नाही. पण खाऊन झालं की टेबलावर काहीच ठेवायचं नाही. रिकामा डबा, चटणीची बाटली, खरकटं पातेलं सगळं गाडीत आणि गाडी लॉक. वासावर अस्वल येतं, आणि एकदा त्याला माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते पुढे मारावं लागतं. फोटोसाठी पाच मिनिटं डबा उघडा टाकून गेलात तरी वॉर्डन येऊन ऐकवतो, वर दंड.

आता साहेबांचं. त्यांना हिमनद्या वगैरे सांगूच नका. एवढंच विचारा, की बावीसला एकचा चढ (बावीस फूट पुढे गेलं की एक फूट वर) असलेल्या लाइनीवर मालगाडी कशी चालवाल? बोरघाट सदतीसला एक, आणि तिथेही मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावावा लागतो. योहोत किकिंग हॉर्स खिंडीच्या उतारावर १८८४ साली बावीसला एकची लाइन टाकली होती. गाड्या घसरायच्या, माणसं मेली. अखेर १९०९मध्ये डोंगराच्या पोटात दोन गोल बोगदे खोदले आणि चढ निम्म्यावर आणला. गाडी बोगद्यात शिरते, आत गोल फिरते आणि शिरली त्याच्या वर किंवा खाली बाहेर पडते. मालगाडी लांब असली तर इंजिन बाहेर येऊन शेपटी आत शिरताना एकाच वेळी दिसते. फील्ड गावाच्या अलीकडे हायवेलगतच ही बघायची जागा आहे, चढायचं काही नाही. मालगाड्यांना टाइमटेबल नसतं, त्यामुळे थर्मासमध्ये चहा न्या आणि तास-दीड तास हाताशी ठेवा. चौथा दिवस याला द्या. पुढे नॅचरल ब्रिज आणि एमराल्ड लेक, दोन्ही गाडीतून उतरलं की समोर. संध्याकाळी कॅल्गरी. साहेब घरी थांबतील असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न : बॅन्फला मेच्या मध्यावर आलो तर गर्दी टळेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टळेल, कारण बघायला तळीच नसतील. लेक लुईसवरचं बर्फ बहुधा जूनच्या सुरुवातीला सुटतं, मोरेनचा रस्ताही जूनपर्यंत बंद. मेमध्येच यायचं असेल तर बॅन्फ गावाभोवतालच्या दऱ्या बघा आणि निळ्या पाण्याचा हट्ट सोडा.

प्रश्न : अस्वलाला पळवून लावायचा स्प्रे भारतातून आणू का? आणि घुंगरू बांधून चालावं असं वाचलंय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्प्रे विमानात चालत नाही, चेक-इन बॅगेतसुद्धा नाही. बॅन्फ किंवा कॅनमोरला विकत किंवा भाड्याने मिळतो. घुंगरांचा आवाज फार दूर जात नाही, त्यापेक्षा मोठ्याने बोलत चाला. चार मराठी माणसं एकत्र असली की हे वेगळं सांगावं लागत नाही. अस्वल दिसलंच तर शंभर मीटर अंतर ठेवा, गाडीत असाल तर काच खाली करून उतरायच्या फंदात पडू नका. आणि स्प्रे कमरेला लावा, सॅकच्या तळाशी पडलेला काय कामाचा?