वहीत नसलेली नोंद

“ताई, न्यायाच्या दिवशी माझं काय होणार?” जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा न्याय करील, त्या दिवसाबद्दलचा हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. निवृत्तीनंतर, नाहीतर घरातलं कुणी गेल्यावर. यावेळी विचारणारे काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहिते आहे ते त्यांच्या परवानगीने.

पहाटे तीनला त्यांना जाग यायची. चार महिने मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाचा (येशूच्या मरणाच्या आठवणीसाठी घेतात तो) प्याला त्यांनी तसाच पुढे सरकवला होता. नौपाड्यातल्या माझ्या खोलीत आले ते वही घेऊनच. शंभर पानी, रबरबँड लावलेली. स्टॉक रजिस्टर लिहावं तशी डावीकडे साल, उजवीकडे पाप. १९७९ साली वर्गातून चोरलेला कंपाससुद्धा त्यात होता.

तेच पाप कितीदा कबूल केलं तरी मन सुटत नाही, प्रार्थना चुकली असं वाटून ती पहिल्यापासून म्हणावी लागते, असं असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तसं काही निघालं नाही. मग आम्ही वही उघडली.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशू सांगतो की विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेला आहे, त्याच्यावर दंडाचा प्रसंग येणार नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की आपल्यातला प्रत्येक जण देवाला आपला हिशेब देईल. काकांना फक्त पौल ऐकू येत होता, तोही फौजदाराच्या आवाजात. मला विचाराल तर हिशेब हा घरातला शब्द आहे. बाजारातून आलेल्या मुलाकडे बाप हिशेब मागतो, तेव्हा त्याला घराबाहेर काढायचं ठरवून बसलेला नसतो. पण हिशेब द्यावा लागतोच. “देव प्रेमळ आहे, विसरून जा,” असं सांगून मी कुणाला परत पाठवत नाही.

“पहाटे तीनला कोण दिसतं, काका?”

बराच वेळ ते रबरबँड ओढत राहिले. “धाकटी बहीण.”

संगमनेरकडची दीड एकर जमीन. वडील गेल्यावर “सातबाऱ्याच्या कामाचा कागद आहे” म्हणून त्यांनी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली होती. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती घरात मुलगा-मुलगी सारखेच वारस, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. देवाजवळ ते हे शंभरदा बोलले होते, बहिणीजवळ एकदाही नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानातलं ५:२३-२४ त्यांनीच मोठ्याने वाचलं: अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन आपल्या भावाबरोबर समेट कर. वाचून वही मिटली. निम्मी जमीन बक्षीसपत्राने बहिणीच्या नावे करायची, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

तीन आठवड्यांनी आले. पहाटेची एसटी धरून गेले होते. बहिणीने कागद वाचले, घडी घालून मिसळणाच्या डब्याखाली ठेवले आणि म्हणाली, “दादा, जमिनीचं होईल. आई तुझ्याकडे ठाण्याला आठ दिवस अत्यवस्थ होती. मला का नाही कळवलंस? मी आले तेव्हा माती झाली होती.”

“ताई, हे वहीत नव्हतंच,” काका म्हणाले.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातली, न्यायाच्या वेळी उजवीकडे आणि डावीकडे वेगळी केलेली मेंढरं आणि शेरडं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं नाही, असं ऐकल्यावर डावीकडचे विचारतात, प्रभो, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? ती मला नेहमी सबब वाटायची. त्या दिवशी काकांचा चेहरा बघताना कळलं, त्यांना खरोखरच दिसलेलं नसतं.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काही सुचलंच नाही. राहिलो दोन दिवस. तिनं आईचं सगळं विचारलं, मी सांगत बसलो.”

नाताळाआधी बहीण ठाण्याला येणार आहे, दोघं मिळून आईच्या कबरेवर जाणार आहेत. प्याला काकांनी अजून घेतलेला नाही. त्याबद्दल ते पाळकांशी बोलत आहेत.