निबंधाची सुरुवात बहुतेक वेळा चौथ्या वाक्यात सापडते

तुमची मुलगी नववीत आहे, मधला मजकूर बरा लिहिते, पण सुरुवात दरवेळी ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ या छापाची होते आणि वहीत ‘सुरुवात आकर्षक हवी’ असा शेरा येतो. तर अशी सुरुवात तिला शिकवायची कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकला माध्यमिक शाळेत २६ वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे, पण कॉलनीतली आणि निफाड-दिंडोरीकडून शिकायला शहरात आलेली काही मुलं संध्याकाळी घरी येतात. त्यांच्या वह्या बघून माझं एक मत पक्कं झालंय. चांगली सुरुवात मुलांनी बहुतेक वेळा लिहिलेलीच असते, फक्त ती चौथ्या-पाचव्या वाक्यात असते.

दोन वर्षांपूर्वी मावशीकडे राहून शिकणारी निफाड तालुक्यातली एक मुलगी यायची. विषय होता ‘हिवाळ्यातील एक सकाळ’. तिने लिहिलं होतं : ‘आपल्या देशात उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन मुख्य ऋतू आहेत. प्रत्येक ऋतूचे आपापले महत्त्व आहे. मला हिवाळा फार आवडतो. एकदा पहाटे चार वाजता पप्पांनी आम्हाला शेकोट्या पेटवायला उठवले.’

मी तिथेच थांबले. कसल्या शेकोट्या गं? मग ती सांगायला लागली. निफाडकडे थंडी कडाक्याची पडते, पारा फार खाली गेला की तयार होत आलेल्या द्राक्षाचे मणी तडकतात. म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या करायच्या, ठिबकने विहिरीचं पाणी सोडायचं, कारण विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं. तिचं काम होतं शेकोटीवर ओला पाला टाकत राहायचं, म्हणजे धूर मांडवाखाली धरून राहतो. डोळे चुरचुरायचे. धाकटा भाऊ बॅटरी घेऊन घड न्याहाळत फिरायचा. हे सगळं ती बोलत होती आणि वहीत मात्र तीन ऋतू होते.

मी तिला एवढंच म्हटलं, वरची तीन वाक्यं खोड आणि आत्ता बोललीस ते लिही. तिने लिहिलं : ‘पहाटे चार वाजता पप्पांनी उठवले. मणी तडकायच्या आत शेकोट्या पेटवायच्या होत्या. सगळीकडे लोक स्वतःला ऊब मिळावी म्हणून शेकोटी करतात, आमच्याकडे ती द्राक्षांसाठी पेटते.’

तिसरं वाक्य नीट बघा. पहिल्या दोन वाक्यांत प्रसंग आहे, पण निबंध कशाबद्दल आहे ते तिसऱ्यात कळतं. नुसता प्रसंग टाकून मुलं पुढे निघून जातात, मग सुरुवात एकीकडे आणि विषय दुसरीकडे अशी गत होते. प्रसंगाला विषयाशी बांधणारं एक वाक्य हवंच. निबंध या शब्दातच ‘बंध’ आहे, हे मी मुलांना नेहमी सांगते.

ती पहिली तीन वाक्यं लिहिणं चूक नाही, हेही मुलीला सांगा. नव्या बोअरला आधी गढूळ पाणी येतं, तसं ते असतं. ते येऊ द्यायचं, फक्त घागर त्या पाण्याने भरायची नाही. घरी सराव करताना आधी सगळा निबंध लिहायचा आणि मग वरचं खोडायचं. परीक्षेत तेवढा वेळ नसतो. तिथे लिहायला लागण्याआधी दोन मिनिटं थांबून शेवटच्या पानावर पेन्सिलने एकच गोष्ट टिपायची : या विषयाचं मी स्वतः काय पाहिलंय? जे टिपलं, तीच सुरुवात.

दहावीच्या मराठीच्या पेपरात या लेखनाला ८ गुण असतात आणि लिहायचं असतं शे-सव्वाशे शब्दांच्या आसपास. त्यात सुरुवातीला दोन-तीन वाक्यं पुरतात. म्हणूनच चार ओळींची कविता किंवा थोरांचं वचन टाकून सुरुवात करावी हे मला पटत नाही. पाव निबंध दुसऱ्याच्या शब्दांत संपतो, आणि वचन पाठ करताना बोलणाऱ्याचं नाव चुकलेलं असतं ते वेगळंच. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ हा प्रश्नही तसाच. उत्तर सगळ्यांना ठाऊक असेल तर प्रश्न विचारून उपयोग काय?

आत्मवृत्ताची गंमत वेगळी आहे. तिथे नव्वद टक्के मुलं ‘मी बागेत फिरत होतो, तेवढ्यात आवाज आला, अरे मित्रा थांब!’ असंच लिहितात. त्याऐवजी त्या वस्तूने थेट आपलं काम सांगावं. गोदावरीच्या घाटावरची आमच्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही नाशिककर पूर किती आला ते मारुतीवरून मोजतो : गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. एका मुलाने त्याचं आत्मवृत्त असं सुरू केलं : ‘पाणी माझ्या कमरेला लागले की पुलावर गर्दी होते. छातीला लागले की घाटावरची दुकाने हलतात.’ ‘मी दुतोंड्या मारुती बोलतोय’ हे त्याला लिहावंच लागलं नाही. मला आजही ती दोन वाक्यं तोंडपाठ आहेत.

वैचारिक विषयाला मुलं घाबरतात, कारण तिथे प्रसंग चालत नाही असं त्यांना वाटतं. चालतो. ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावर एकीने लिहिलं होतं, ‘रात्री साडेनऊनंतर आमच्या घरात चार माणसे आणि चार उजेड असतात.’ एवढ्या एका ओळीत तिचं मत येऊन गेलं. नंतर तिने दोन्ही बाजू मांडल्या, पण वाचणारा तोवर तिच्या घरात येऊन बसला होता.

एक कबुली द्यायला हवी. सुरुवातीची काही वर्षं मीच मुलांना फळ्यावर तयार सुरुवाती लिहून द्यायचे, पाठ करा म्हणून. मग वह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला की एकच वाक्य चाळीसदा वाचायला लागायचं, आणि कोणती वही कुणाची ते कळायचं नाही. त्या मुलांचं मी नुकसान केलं असं मला मनापासून वाटतं. म्हणून तुम्हीही मुलीला छान छान सुरुवातींची यादी देऊ नका.

आज तिची जुनी निबंधवही काढा. एखादा निबंध उघडून पहिली तीन वाक्यं तळहाताने झाका आणि पुढचं तिला मोठ्याने वाचायला सांगा. वाचता वाचता एखाद्या ठिकाणी तिचा आवाज बदलेल, बहुतेक घरातलं किंवा रस्त्यावरचं काहीतरी येईल तिथे. त्या ओळीला पेन्सिलने खूण करा आणि निबंध तिथून पुन्हा लिहायला सांगा.