पॅक्स, आरआयएस आणि एआय आल्यावर एक्स-रे विभागात टेक्निशियनला काय काम उरतं?

मुलगा बारावी सायन्स झालाय, रेडिओग्राफीला जायचं म्हणतो, पण आता फिल्म गेली, सगळं कॉम्प्युटरवर आलं, रिपोर्टसुद्धा एआय देतंय, मग नुसता फोटो काढायला माणूस कशाला ठेवतील, असं तुम्ही विचारलंय. मी नांदेडला एका खासगी दवाखान्यात सीनियर टेक्नॉलॉजिस्ट आहे. "नुसता फोटो" हे मी आमच्या मॅनेजरकडून भरल्या मीटिंगमध्ये ऐकलंय, म्हणून उत्तर जरा लांबणार.

खेड्यातून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख ठाऊक नसते. "बहात्तरच्या दुष्काळात माझं थोरलं रांगत होतं", एवढाच हिशोब. आधार काढताना मग १ जानेवारी टाकलेली असते. आमच्याकडे अशा दोन आज्या आल्या. नाव एक, आडनाव एक, तालुका एक, १ जानेवारी दोघींची आणि सालही तेच. पहिली टीबीच्या गोळ्यांवर होती. महिनाभर आधीच्या तिच्या छातीच्या एक्स-रेत उजवीकडं वरच्या भागात डाग होता आणि डाव्या कॉलरबोनमध्ये जुन्या ऑपरेशनची प्लेट, स्क्रू. दुसरी रात्री खुबा मोडून आली. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना छातीचा एक्स-रे लागतो, म्हणून ज्युनिअरनं वॉर्डातच पोर्टेबलवर काढला.

नाव नोंदवताना सिस्टिमनं विचारलं, हा पेशंट आधीचाच दिसतो, एकत्र करू का? रिसेप्शनच्या पोरानं हो दाबलं. त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. रिसेप्शनवरच्या सगळ्यांना मिळून एकच लॉगिन आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. आरआयएसमध्ये, म्हणजे नोंदणी आणि रिपोर्ट जिथं राहतात तिथं, दोघींची एक फाईल झाली. पॅक्सला, म्हणजे इमेज जिथं साठतात तिथं, तसा निरोप गेला आणि दोघींच्या इमेज एकाच नंबराखाली येऊन बसल्या. दोन शेतकऱ्यांचा सातबारा तलाठ्यानं एक करून टाकावा, तसं झालं.

रात्रीचे आमचे रिपोर्ट संभाजीनगरहून एक रेडिओलॉजिस्ट करतात. त्यांना स्क्रीनवर एकाच बाईचे दोन एक्स-रे दिसले. फुप्फुसं ताडून त्यांनी लिहिलं, मागच्या तुलनेत डाग निवळला आहे. त्यांच्यासमोर जे होतं त्यावरून बरोबरच लिहिलं.

सकाळी ड्यूटीवर आल्या आल्या रात्रीच्या सगळ्या इमेज उघडून बघायच्या, ही माझी सवय. जुना-नवा शेजारी लावला तर नव्यात डावीकडं प्लेटच नाही. हाडातली प्लेट महिन्यात विरघळत नसते. वॉर्डात जाऊन आजीच्या कॉलरबोनवरून बोट फिरवलं. ना वण, ना उंचवटा. विचारलं, खांद्याचं ऑपरेशन झालं होतं का? "न्हाई गं माय, मपल्या अंगाला कधी चाकू लागला न्हाई."

संभाजीनगरला फोन केला. डॉक्टरांनी एका शब्दानं वाद न घालता रिपोर्टला दुरुस्ती जोडली. तोवर भूल देणाऱ्या मॅडमनी या आजीच्या पेपरवर "जुना क्षय" लिहूनही टाकलं होतं. टीबीची पहिली आजी ओपीडीला आली असती तर तिच्या डॉक्टरांनी "डाग निवळला" वाचलं असतं. पुढं काय झालं असतं याचा विचार केला की अजून पोटात कालवतं. प्रत्येक तपासणीला स्वतंत्र ॲक्सेशन नंबर असतो, त्यावरून दोन्ही फाईली परत सोडवता आल्या.

नंतर मीटिंग. मॅनेजर म्हणाले, फोटो काढणाऱ्यानं नाव नीट टाकलं असतं तर हे झालं नसतं. मी लॉग काढून दाखवला. मशिनवर आम्ही नाव टाइप करतच नाही, ते वर्कलिस्टमधून, म्हणजे आरआयएसमधल्या नोंदीवरून मशिनवर येणाऱ्या यादीतून, येतं. फाईली कोणत्या लॉगिननं, किती वाजता एकत्र झाल्या तेही त्यात होतं. त्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही नुसता फोटो काढा, कॉम्प्युटरचं आयटीवाले बघतील." आमचा आयटीवाला पोरगा गुणी आहे, प्रिंटर आणि वायफाय त्याच्यामुळंच चालतं. पण कॉलरबोन कुठं असते हे त्याला कुणी शिकवलंय? पॅक्स सांभाळायला दोन्हीकडचं कळणारं माणूस लागतं आणि ते टेक्नॉलॉजिस्टमधूनच तयार होतं. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

आता तुमच्या मुलाचं. रिपोर्ट आणि सही रेडिओलॉजिस्टची. गर्भवतीची सोनोग्राफी असेल तर गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याचा एफ फॉर्म आलाच, आणि बीडमधल्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणांनंतर आमच्या भागात त्यात कुणी ढिलाई करू नये. सीटीला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघायला सिस्टर. रेडिएशनची जबाबदारी आरएसओची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची, आणि पात्रता असेल तर एईआरबीच्या, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, मान्यतेनं टेक्नॉलॉजिस्टही आरएसओ होतो. स्ट्रेचर आणणारे मामा नसतील तर विभाग तासाभरात ठप्प होतो.

बाकी सगळं आमचं. परवा एका मुलीचा छातीचा एक्स-रे होता. तेल लावलेली जाड वेणी खांद्यावरून पुढं आलेली. तशीच राहिली असती तर फुप्फुसाच्या टोकावर सावली पडून डाग वाटला असता. वेणी वर बांधली, डोरलं काढून आईच्या हातात दिलं, ताईताचा दोरा सोडवला, श्वास रोखायला दोनदा शिकवलं, मग एक्स्पोजर दिलं. एआयला मिळते ती एवढं सगळं झाल्यावरची इमेज. एआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. १५ वर्षांवरच्या लोकांच्या टीबी तपासणीत छातीचा एक्स-रे सॉफ्टवेअरनं वाचायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली आहे आणि जिथं रेडिओलॉजिस्ट नाही तिथं त्याचा उपयोग होतोच. पण ही छाती कोणत्या आजीची, हे ते विचारत नाही.

तेव्हा घाला मुलाला. नुसतं पोझिशनिंग शिकून थांबू नको म्हणावं. डायकॉम, म्हणजे इमेज साठवायची-पाठवायची ठरलेली पद्धत, काय असते, वर्कलिस्ट कुठून येते, चुकीच्या नावावर गेलेली इमेज कशी हलवायची, लॉग कसा वाचायचा, हे इंटर्नशिपमध्येच मागे लागून शिकावं. कुणी "तुला काय करायचंय" म्हटलं तरी शिकावं.

एक सांगायचं राहिलं. खासगीत सुरुवातीचा पगार कमीच असतो, नाइट सुटत नाहीत. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे का ते तुम्ही स्वतः जाऊन बघा, सहा महिन्यांचे कोर्स विकणारे गल्लोगल्ली आहेत. रेडिएशनची भीती बाळगू नका. आपल्याकडं कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि नियम पाळणाऱ्या एक्स-रे विभागात आकडा त्याच्या खूप खाली राहतो. मात्र त्यासाठी अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज अंगावर हवा, कपाटात नाही.

नोकरीच्या इंटरव्ह्यूला त्यानंच तीन गोष्टी विचाराव्यात. बॅज माझ्या नावाचा मिळणार का, लॉगिन माझं स्वतंत्र असणार का, आणि रेकॉर्ड एकत्र करायचा अधिकार कुणाकडं आहे. या प्रश्नांवर तोंड वाकडं करणाऱ्या दवाखान्यात, पगार दोन हजार जास्त असला तरी, त्यानं जाऊ नये.