रात्री पाय भरून येतात ना, त्याबद्दल

बेटा,

काल राजवाड्याजवळ तुझी आई भेटली, म्हणाली पोरगी शीतलामाता बाजारात साडीच्या दुकानात लागली आणि रोज रात्री पाय सुजतात, पैंजणाचा वळ उमटतो. मी त्याच बाजारात २२ वर्षं काउंटरवर उभी होते गं, म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी हे समजून घे की रक्त पायात उतरतं आपोआप, वर चढवायचं काम मात्र पोटरी करते. ती आवळली की शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. चालताना हे होत राहतं, एका जागी उभं राहिलं की थांबतं आणि पाणी झिरपून घोट्याशी साचतं. म्हणून गिऱ्हाईक पदर न्याहाळत असेल तेवढ्यात काउंटरमागे टाचा उचल, टेकव, वीसेक वेळा, दर अर्ध्या तासाने. साड्यांच्या घड्या घालता घालता होतं, कुणाला कळतसुद्धा नाही.

घरी आल्यावर आडवी हो आणि पायाखाली दोन-तीन उशा घे, पाय छातीपेक्षा वर यायला हवेत, १५-२० मिनिटं. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवले तर तेवढा फरक पडत नाही. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवतात सगळ्या, बरं वाटतं, पण गरमीने शिरा अजून सैलावतात, त्यापेक्षा गार पाणी घे.

आणि खाणं! सकाळी पोह्यावर शेव नि जिरावन मसाला, दुपारी कचोरी, चहाबरोबर परत नमकीन, आपल्या इंदुरात मीठ कुठून कुठून पोटात जातं ते मोजताच येत नाही. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, त्याच्या आत ठेवायला सांगतात. शेव सोडू नकोस, वरून परत घेऊ नकोस एवढंच. पाणी मात्र कमी करू नकोस, त्याने सूज उतरत नाही.

पाय दुखले की मेडिकलवरून आयबुप्रोफेन आणून खायची सवय लावू नकोस, त्याने शरीरात मीठ-पाणी अजून धरून राहतं. आईला बीपीची अम्लोडिपिन चालू असेल आणि तिचे घोटे सुजत असतील तर ते गोळीमुळेही असू शकतं, पण गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरला विचारायचं.

आता नीट वाच. घोट्याच्या वर अंगठा दहा सेकंद दाबून बघ, खड्डा राहिला आणि सकाळपर्यंत सूज उतरली नाही तर दाखवून ये. एकच पाय सुजला, पोटरी गरम लागते, दुखते, तर चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत.

आणि सेठजींकडे बसायला स्टूल माग. मी पाच वर्षं लाजले, मागितलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी मिळालं.

तुझी मावशी