सालीत होतं की भांड्यात झालं?

चि. मुली,

परवा डाळिंबाच्या सालीतून दाबाखालच्या गरम पाण्यानं अर्क काढायच्या तुझ्या प्रयोगाचा, कुठल्या तापमानाला अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता किती याचा, आलेख पुढे ठेवून तू म्हणालीस, "सर, 200 अंशाला आकडा सगळ्यात जास्त येतोय, तेच ऑप्टिमम लिहू ना?" आणि मग हळूच म्हणालीस, "पण अर्काला जळक्या गुळासारखा वास येतो." मी चहाचं निमित्त करून विषय टाळला. रात्री मात्र झोप लागेना. तुझ्या नाकानं उत्तर दिलं होतं आणि तू आलेखाकडे बघत बसली होतीस!

कच्च्या शेंगदाण्याला आपल्या शेंगा चटणीचा खमंग वास येतो का? तो दाण्यात नसतो, भाजताना तयार होतो. साखर, अमिनो आम्लं आणि आच, झाली मेलार्ड अभिक्रिया. डाळिंबाच्या सालीत साखर आहे, थोडी प्रथिनंही आहेत, आणि तू ती बंद सेलमध्ये 200 अंशाच्या पाण्यात ठेवतेस. तिथे तयार होणारी तपकिरी संयुगंही डीपीपीएचचा, म्हणजे अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायच्या रसायनाचा, जांभळा रंग उतरवतात, पॉलिफेनॉल मोजणाऱ्या फोलिन चाचणीलाही फसवतात. तुझा आकडा खोटा नाही. पण तो कुणाचा? सालीत होतं, की भांड्यात झालं?

दाबाचं तू जे बोललीस, तेही नीट कर. "100 बार दाबामुळे पॉलिफेनॉल (सालीतली अँटिऑक्सिडंट संयुगं) बाहेर पडतात" असं लिहू नकोस. 200 अंशाला पाणी द्रवरूप ठेवायला साधारण 16 बार पुरतात. दाबाचं मुख्य काम तेवढंच, द्रावक उकळू न देणं. खरी कामगिरी तापमानाची. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे ध्रुवीयतेचं माप, 25 अंशाला 80 च्या जवळ असतो, 200 अंशाला 35 च्या आसपास, म्हणजे थेट मेथॅनॉल या सेंद्रिय द्रावकाच्या शेजारी. त्याची चिकटाईही उतरते, सालीच्या कणांत ते सहज शिरतं. तंत्र सुंदर आहे, वादच नाही. पण जी आच संयुगं बाहेर काढते, तीच नवी घडवते आणि जुनी मोडते. तुझ्याच क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे अर्कातली संयुगं वेगळी दाखवणाऱ्या आलेखात, प्युनिकॅलाजिन या सालीतल्या पॉलिफेनॉलचं शिखर खाली गेलंय आणि ते मोडून होणाऱ्या इलॅजिक आम्लाचं वर. ते वाढलेलं इलॅजिक आम्ल सालीत होतं की भांड्यात झालं? विचारलंस का एकदा तरी?

आता माझं ऐक. शेवग्याच्या पाल्यावर काम करत होतो. यंत्र परगावी, दोन दिवसांपुरतं मिळालेलं. 180 अंशाला आकडा असा उसळला की मी रात्रीच्या एसटीत जागाच होतो, आनंदानं. निबंध छापून आला. पुढे एका सहकाऱ्यानं विचारलं, "पाल्यात साखर किती होती?" मी हसण्यावारी नेलं. कित्येक महिन्यांनी नुसती साखर आणि ग्लायसिन हे अमिनो आम्ल वाळूत मिसळून तसंच तापवलं. पाला चिमूटभर नाही, तरी डीपीपीएच फिका पडला. दुरुस्ती मी पाठवली नाही. दोनच दिवस यंत्र, गाईडची घाई, कोरा नमुना, म्हणजे पाल्याशिवायचा प्रयोग, लावायचं कुणी सांगितलंही नव्हतं... ही कारणं आजही तोंडपाठ आहेत, यातच काय ते समज.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो, हे खरं. कोऱ्या नमुन्यापायी एकाचं सबमिशन सहा महिने लांबलं, तो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं वाईट वाटतं. पण त्याचा प्रबंध उघडून बघ, प्रत्येक आकड्याशेजारी साखरेचा आकडा उभा आहे. मी चुकलो असं मला वाटत नाही. हेकट म्हणतात, म्हणू देत.

आणि हो, साल कुठून आणलीस? सात रस्त्याच्या ज्यूसवाल्याकडून ना? धुतली होतीस? आत चिकटलेला रस वाळला की ती साखरच. शिवाय 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून शीर्षकात ते नाव मिरवतेस, आणि फळ कुठल्या बागेतलं हे त्या ज्यूसवाल्यालाही सांगता यायचं नाही. सांगोल्याच्या एखाद्या ओळखीच्या बागेतून भगवा जातीचं डाळिंब आण. साल धुऊन सावलीत वाळव.

"ग्रीन", म्हणजे पर्यावरणस्नेही, या शब्दावर फार जीव टाकू नकोस. पाणी निरुपद्रवी खरं, पण अर्कातून ते उडवायला जी वीज जाते ती मोजलीस का? इथेनॉल मिसळून 100-120 अंशाला करून बघ. आकडा खाली येईल. येऊ दे.

गाईड रागावले तर माझं नाव सांग. शनिवारी येताना तीन गोष्टी आण: सालीतल्या साखरेचं प्रमाण, त्याच प्रमाणातली साखर आणि ग्लायसिन 200 अंशाला तापवून काढलेला अर्क, आणि 284 नॅनोमीटरवर एचएमएफचं, म्हणजे साखर तापून होणाऱ्या संयुगाचं, शिखर दिसतं का ते. डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचं 517 नॅनोमीटरचं, डीपीपीएच जिथे मोजतात तिथलं, वाचनही घे. सालीचा लाल रंग तिथेच शोषतो आणि क्षमता आहे त्याहून कमी भासते. आलेख आणू नकोस. अर्काची बाटली आण, आधी वास घेऊ.

तुझे सर