हाताचा इसब आणि पाठीवरच्या पट्ट्या

प्रश्न: वय ३८. दोन वर्षं दोन्ही हातांना इसब आहे. रक्ताच्या अ‍ॅलर्जी तपासणीत गहू, तूरडाळ, वांगं 'पॉझिटिव्ह' आलं म्हणून चार महिने ते बंद आहे. वजन उतरलं, खाज तशीच. भाकरी थापताना भेगांतून रक्त येतं, रात्री झोप नाही. आता पॅच टेस्ट सांगितली आहे. पुन्हा तपासणी कशाला?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: कारण ही तपासणी वेगळी आहे: संशयित पदार्थ पट्ट्यांखाली पाठीवर लावून त्वचा काय करते ते बघतात. रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जीशी जोडलेली प्रतिपिंडं) वाढलेली दिसली म्हणजे त्या पदार्थानेच इसब झाला, असं होत नाही. पूर्वी गहू-डाळ खाल्ल्यावर तासा-दोन तासांत अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं असं कधी झालं नसेल, तर डॉक्टरांशी बोलून जेवण पूर्ववत करा. चार महिने उगाच उपाशी राहिलात, याचं वाईट वाटतं.

हाताचा इसब बहुधा स्पर्शातून येतो. साबण-पाण्याने त्वचा नुसती सोलवटली असेल, तर पॅच टेस्ट कोरी येते. खरी स्पर्शाची अ‍ॅलर्जी आयजीईमुळे होत नाही, दिवसा-दोन दिवसांनी उमटते, म्हणून ती रक्ताच्या या तपासणीत सापडत नाही. संशयित घरातलेच: रबरी हातमोजे, निकेल, सुगंधी द्रव्यं, केसांचा कलप. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं टोकाशीच फाटत असतील, तर सोलताना धरलेला लसूण आठवा.

पट्ट्या सोमवारी पाठीवर लावल्या, तर बुधवारी काढतात आणि शुक्रवारी पुन्हा बघतात. शुक्रवारची फेरी चुकवू नका, काही प्रतिक्रिया तेव्हाच दिसतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही नको. नवी मुंबईच्या दमट हवेत पट्ट्या सुटतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतला आठवडा निवडा आणि गर्दीची लोकल टाळा. आठवडाभर आधीपासून पाठीला स्टिरॉइड मलम नको. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, मनाने बंद करू नका.

झोपेचंही डॉक्टरांना सांगाच. त्वचारोगाने जगणं किती अडतं हे मोजायला 'डीएलक्यूआय' ही १० प्रश्नांची, ३० गुणांची प्रश्नावली आहे. ती गेल्या आठवड्याबद्दल विचारते. १० च्या वर गुण म्हणजे त्रास मोठा. मग उपचार वाढवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे.

तपासणीला जाताना हातमोज्याचा तुकडा न्या, तोही पट्टीखाली लावून बघता येतो. भांड्यांचा साबण मात्र तसाच लावायचा नाही. तो कुणाचीही कातडी लाल करतो.