नागपूरजवळच्या खेड्यात दोन घोडे आणि परसबाग घेऊन राहायला यावं का?

नागपूरपासून तासाभराच्या आत दीड-दोन एकर घेऊन कायमचं राहायला यायचं, मुलीच्या आवडीसाठी दोन घोडे ठेवायचे, घरापुरता भाजीपाला आणि थोडी संत्र्याची झाडं लावायची, हे नोकरदार कुटुंबाला झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. झेपतं. मी काटोल रोडच्या आत एका लहान गावात राहते. घरची संत्र्याची बाग आहे, थोडी कपाशी-तूर आहे, दारात घोडी आहे, आणि गावात आणखीही काही घरी घोडे आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

तुमच्या प्रश्नात सगळी चौकशी जमिनीची आहे: काळी की मुरमाड, एकरी भाव काय, रोडपासून किती आत. माझा सल्ला उलटा आहे. आधी गाव ठरवा, वावर मागून बघा. आणि गाव असं शोधा जिथे आधीपासून घोडे आहेत.

आपल्याकडचे बहुतेक घोडे वरातीचे. तुळशीचं लग्न झालं की त्यांचा सिझन लागतो आणि पावसाळ्यात ते बसून असतात. ज्या गावात अशी दोन-तीन घरं आहेत तिथे नालबंद येतो. शहरातून ही गोष्ट लहान वाटते, पण घोड्याचे खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापावेच लागतात, आणि एका घोड्यासाठी कुणी लांबून येत नाही. आमच्याकडे तो आला की सगळे घोडे एकाच कडुलिंबाखाली जमतात. तो आधी घोडा चालवून बघतो, मग पाय मांडीवर घेऊन खुराच्या खाचेतली माती खरडतो आणि नाकाजवळ नेतो. सडका वास आला की तबेल्यात चिखल राहतो, हे त्याला मालकाला विचारावं लागत नाही.

दुसरं म्हणजे रात्रीबेरात्री पोटशूळ उठला तर काय करायचं हे माहीत असलेली माणसं अशा गावात असतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं वर येऊच शकत नाही, आणि काही तासांत जिवावर बेततं. घोडा सारखा पोटाकडे बघतोय, पाय झाडतोय, लोळतोय असं दिसलं की समोरचा चारा उचलायचा, डॉक्टरला फोन लावायचा आणि ते येईपर्यंत त्याला हळूहळू फिरवायचं. एकट्या माणसाला हे रात्रभर होत नाही. शिवाय गावातली पोरं घोड्याच्या मागे उभी राहत नाहीत, गाडीवाले जवळून जाताना हॉर्न वाजवत नाहीत, आणि घोडा सुटून कुणाच्या कपाशीत शिरला तर त्याच दिवशी बोलून मिटतं. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हा नागपूरकरांचा मोठा आधार. गाव निवडताना तिथपर्यंत गाडी किती वेळात पोहोचते हेही बघा.

गाव ठरलं की वावर दोनदा पाहा, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये. मे महिन्यात विहिरीत डोकवा आणि शेजारच्या चार विहिरींचीही चौकशी करा. इथे पारा ४५ च्या वर जातो, आणि त्या दिवसांत एका घोड्याला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं. ऑगस्टमध्ये पांदण, म्हणजे वावराकडे जाणारा कच्चा रस्ता, बघा. काळ्या मातीच्या पांदणीतून पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा निघत नाही, मग चाऱ्याची गाडी आणि डॉक्टर तुमच्या दारापर्यंत कसे येणार? कागदांचं म्हणाल तर शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. विदर्भासाठी १९५८ चा कुळवहिवाटीचा वेगळा कायदा आहे. त्यामुळे सातबारा आणि शेतकरी असल्याचा पुरावा वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

काळी जमीन कपाशीला चांगली, घोड्याला त्रासाची. पावसाळ्यात तिचा चिखल खुरात भरून राहतो, उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून घोडे उभे राहतात तेवढी जागा, आणि फिरण्यापुरतं थोडं अंगण, माती काढून मुरूम भरून दाबून घ्या. तबेल्याची लांबी पूर्व-पश्चिम, छप्पर उंच, टिनावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा (तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) जाड थर. भिंती पूर्ण बंद करू नका, वारा खेळला पाहिजे.

आता चारा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सात किलोच्या आसपास वाळला चारा लागतो, म्हणजे दोघांना वर्षाला पाच टन. सोयाबीन आलं तशी आपल्याकडची ज्वारी कमी झाली, त्यामुळे चांगला कडबा महाग पडतो. त्याला पर्याय म्हणून कुणी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरा म्हणेल. त्यावर घोडा ठेवू नका. ते धुळकट असतं, आणि काढणीला पाऊस लागला की आतून बुरशी धरतं. गाय पचवते ते घोडा पचवतोच असं नाही. कोवळी ज्वारी तर त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, आणि कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यांत चरायलाही सोडू नका. कुही-मौद्याकडे गेलात तर तणस (भाताचा पेंढा) भरपूर मिळेल, पण त्यात कस नसतो. नेपिअर (हत्ती गवत) सगळेच लावतात, तुम्हीही लावा, मात्र नुसत्या नेपिअरवर भागवू नका. त्यातला ऑक्झलेट हा घटक कॅल्शियम अडवून धरतो आणि हाडं कमजोर होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन-तीन गुंठे लसूणघास पेरला की महिन्याभराच्या अंतराने कापण्या मिळत राहतात आणि ही उणीव भरून निघते.

एक गोष्ट गड्याला, पाहुण्याला, घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: कोंबड्यांचं किंवा गाईचं तयार खाद्य घोड्याला कधीच द्यायचं नाही. कोंबड्यांच्या खाद्यात, कधी गाईच्याही, मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती चालतात, घोड्याचं हृदय त्यांनी बंद पडतं, आणि त्यावर उतारा नाही. तुम्ही कोंबड्याही पाळणार असाल तर ती पोती वेगळ्या खोलीत, कुलपात.

बागेचं मी मागून सांगतेय, कारण ती घोड्याच्या मागूनच येते. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. दोघांची वर्षाला दहा टनांच्या वर जाते. एवढं खत विकत आणायचं म्हटलं तर परवडणार नाही, आणि काळ्या चिकट मातीला ते फार मानवतं. ती भुसभुशीत होते, पाणी साचून राहत नाही. पण लीद ताजी घालायची नाही. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे गवताचं बी त्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि ताजी लीद टाकलेल्या वाफ्यात भाजीपेक्षा तण जास्त उगवतं. कच्च्या खतात हुमणी ही मुळं खाणारी कीडही अंडी घालते.

म्हणून ढीग नीट लावा. लीद, त्यावर तुरीचं कुटार किंवा पालापाचोळा, त्यावर पाणी, असा कमरेएवढा उंच ढीग सावलीत. आठवड्याभरात तो आतून तापतो. हिवाळ्यात सकाळी फावड्याने फोडला की वाफ निघते आणि आत हात धरवत नाही. ती उष्णता पंचावन्न-साठ अंशांवर काही दिवस टिकली तरच बी मरतं, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी ढीग उलटायचा, बाहेरचं आत घालायचं, कोरडं वाटलं तर पाणी मारायचं. तीन-चार महिन्यांत लिदेचा वास जाऊन ओल्या मातीचा वास येतो. मग खुशाल वापरा. उन्हाळ्यात ढीग लवकर सुकतो, तेव्हा ओलं पोतं झाकावं लागतं. घोड्याला जंताचं औषध दिलं असेल तर त्या आठवड्याची लीद बाजूला काढा, शेणकिड्यांना आणि गांडुळांना ती बाधते.

आणि स्वतःचं धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेत जा. त्याचे जंतू घोड्याच्या लिदेत आणि मातीत असतात, बागेत हात कापायला वेळ लागत नाही. घोड्यालाही ती लस दरवर्षी द्यावी लागते.

भाजीचा खरा हंगाम इथे दसऱ्यापासून होळीपर्यंत. सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक, वांगी, टमाटर, कोबी, जे लावाल ते येतं. पावसाळ्यात गादीवाफे उंच करा, नाहीतर मुळं सडतात. एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीखाली गवार, भेंडी, ढेमसं एवढ्यावर समाधान माना आणि ठिबकचं पाणी सकाळीच सोडा. संत्र्याच्या झाडाला खत घालताना ते बुंध्याला टेकवू नका. बुंधा ओला राहिला की डिंक्या रोग येतो. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे गोल चर काढून त्यात टाका, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. घोडे बागेत मोकळे सोडू नका, ते साल सोलतात आणि फवारलेला पाला खातात.

कुंपणावर पैसे वाचवू नका. रोही (नीलगाई) आणि रानडुकरं रात्रीत बाग साफ करतात, म्हणून इथे लोक काटेरी तार लावतात. घोडा बिचकला की त्याच तारेत शिरतो आणि पाय सोलून घेतो. घोड्यांच्या बाजूला गुळगुळीत तार आणि सौर झटका मशीन लावा, तारेवर पांढऱ्या पट्ट्या बांधा म्हणजे त्याला ती दिसते. कुंपणाला कण्हेर लावायची इथे रीत आहे, ती पूर्ण काढून टाका. मूठभर पानांनी घोडा जातो, वाळलेल्यांनीही. नाल्याकाठची बेशरम, घाणेरी, एरंडीही काढा.

पावसाळा सरता सरता घोडमाश्या वाढतात आणि त्यांच्यामुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो. ताप येतो-जातो, घोडा खंगतो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते. असं दिसलं तर थांबू नका, रक्त तपासून घ्या.

मुलीसाठी पहिला घोडा घेताना नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत जाऊन देखण्या तरुण घोड्याला भुलू नका. यात्रा जरूर दाखवा तिला, बघण्यासारखीच आहे. पण घ्यायची ती आठ-दहा वर्षांची, वरातीच्या बँडला सरावलेली शांत घोडी, जमलं तर जवळच्या गावातूनच, आणि थंडीत, म्हणजे उन्हाळ्याआधी तिला जागेची सवय होते. दुसरा घोडा फार उशिरा आणू नका, एकटा घोडा बेचैन राहतो. सौदा पक्का करण्याआधी डॉक्टरकडून पाय आणि दात बघून घ्या आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी करा. हा रोग माणसालाही होतो आणि सरकारला कळवणं बंधनकारक आहे. रिपोर्ट हातात येईपर्यंत घोडा मालकाच्याच दारात राहू द्या.